पळीभर तेलावर चाललेला मठ

जळगावला गाडीतून उतरून अजिंठ्याकडे निघालेला माणूस नेरी, पहूर, वाकोद, फर्दापूर असाच जातो. अजिंठ्याच्या लेण्यांपाशी नालासारखे वळण घेणारी वाघूर नदीही डोंगर उतरून पहूरच्या अंगानेच पुढे तापीकडे जाते. त्यामुळे पहूरकरांना परदेशी पाहुणे नवे नाहीत, आणि त्यांत जपानी पाहुणे तर मुळीच नाहीत. अजिंठा-वेरूळच्या संवर्धनासाठी आणि पर्यटनासाठी जपानने १९९२ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये कर्ज दिले. बुद्धाच्या देशातली चित्रे डोळे भरून पाहावीत म्हणून ही मंडळी येतात, पाहतात आणि आल्या वाटेने परततात.

पहूरहून आणखी एक वाट फुटते. शेंदुर्णी, पाचोरा, भडगाव करत ती चाळीसगावला पोचते. पहूर ते पाचोरा हा टप्पा २०२० पर्यंत पाचोरा-जामनेर म्हणजे पी.जे.च्या छोट्या रेल्वेगाडीने करता येत असे. चाळीसगावहून नैऋत्येला साधारण अठरा किलोमीटरवर, अजिंठ्याच्याच डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटण नावाचे ठिकाण आहे. या वाटेने परदेशी पाहुणा सहसा जात नाही. जातो तो खानदेशातला भाविक, नवरात्रात, घरच्या सगळ्यांना घेऊन, पाटणादेवीच्या दर्शनाला. हे प्रकरण त्या देवीच्या देवळाविषयी आहे आणि तिथे सापडलेल्या एका दगडाविषयी आहे. जपानचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण पाटणला जे घडले त्याच्या जवळ जाणारी गोष्ट मला शोधून सापडली ती जपानच्या शिंतो देवस्थानांत.

पाटणची जागा आधी डोळ्यांसमोर आणली पाहिजे. तिन्ही बाजूंनी डोंगराचे कडे, एका बाजूने खानदेशच्या मैदानाकडे उघडलेले तोंड. एका कड्यावरून पावसाळ्यात धवलतीर्थाचा धबधबा कोसळतो, आत केदारकुंड आहे, शेजारी कण्हेरगड उभा आहे. डोंगराच्या पोटात नागार्जुन लेणे, सीतेची न्हाणी, शृंगारचावडी अशी कोरीव लेणी आहेत, आणि वर चढून गेले की पितळखोऱ्याची प्राचीन बौद्ध लेणी लागतात. डोंगरी नदी येथूनच वाहत चाळीसगावकडे जाते. एरवी ती शांत दिसते, पण २०२१ च्या ऑगस्टअखेर घाटावर ढगफुटीसारखा पाऊस झाला तेव्हा तितूर आणि डोंगरी या दोन नद्यांनी चाळीसगावची काय दैना केली हे तिथल्या माणसांना विचारावे. घाटावरून मैदानात उतरणारी वाट ज्याच्या हातात, त्याच्या हातात व्यापार. आणि डोंगर पाठीशी असल्यामुळे संरक्षणही. आज जिथे अरण्य दिसते तिथे एके काळी राजधानीचे शहर का होते, हे जागा पाहिली की आपोआप कळते.

ते शहर निकुंभांचे. स्वतःला सूर्यवंशी म्हणवणारे हे घराणे देवगिरीच्या यादवांचे मांडलिक म्हणून या मुलखावर राज्य करत होते. त्यांचा एक महत्त्वाचा लेख पाटणच्याच महादेवाच्या देवळात आहे, शके १०७५ चा, म्हणजे इ.स. ११५३ चा. इंद्रराज नावाच्या निकुंभ राजाने शिवाचे देऊळ बांधायला काढले. देऊळ पुरे होण्याआधी तो वारला. मुलगा गोवन अजून लहान होता. तेव्हा राणी श्रीदेवी हिने राज्यकारभार हाती घेतला आणि नवऱ्याने आरंभलेले देऊळ तिने पूर्ण केले. अकराशे त्रेपन्न साली एक विधवा राणी अज्ञान मुलाच्या नावाने राज्य चालवते आणि अर्धवट राहिलेले बांधकाम तडीस नेते, ही गोष्ट आपल्या शालेय इतिहासात कुठेच येत नाही. ती यायला हवी.

या लेखाच्या सालाने आणखी एक गोष्ट साफ होते. चुना न घालता दगडावर दगड बसवलेले कोणतेही जुने देऊळ दिसले की आपण त्याला हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. पण हेमाद्री पंडित हा यादवांचा मंत्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पाटणचे महादेवाचे देऊळ त्याच्या शंभर वर्षे आधी पूर्ण झालेले होते. खानदेशात याहूनही जुनी उदाहरणे आहेत. चाळीसगावजवळच्या वाघळीच्या देवळातले लेख शके ९९१ चे, म्हणजे १०६९ चे आहेत. तेव्हा ही बांधणी हेमाद्रीच्या आधी येथल्या पाथरवटांच्या हातात पक्की मुरलेली होती.

आता देवीच्या देवळाकडे वळू. चंडिका, भवानी, पाटणादेवी ही सगळी तिचीच नावे. भाविक नुसते आई म्हणतात. उंच जोत्यावर उभे असलेले हे देऊळ चांदणीसारख्या आराखड्याचे आहे. सरळ भिंत कुठे सलग चालतच नाही. थोडी पुढे येते, कोन करते, मागे जाते, पुन्हा पुढे येते. उन्हे कलली की प्रत्येक कोनाची सावली शेजारच्या बाजूवर पडते आणि एकाच भिंतीवर उजेड-सावलीचे उभे पट्टे दिसू लागतात. असा आराखडा जमिनीवर आखणे हे दोरी, खुंट्या आणि भूमितीचे काम आहे. चौकोन फिरवत फिरवत त्याचे कोपरे वर्तुळावर आणायचे, आणि प्रत्येक कोपरा नेमका बसला पाहिजे. एक जरी चुकला तरी वरचे सगळे थर चुकतात.

पाटणला भूमिती जाणणाऱ्यांची वाण नव्हती, हे सांगणारा दगड याच गावच्या भवानीच्या देवळात मिळाला. मुंबईचे नामवंत डॉक्टर आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला आणि १८६५ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आर्यभटापासून भास्कराचार्यांपर्यंतच्या ज्योतिष्यांच्या काळाविषयी लिहिताना त्याचा आधार घेतला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवलेले कीलहॉर्न यांनी तो नव्याने तपासून एपिग्राफिया इंडिकाच्या पहिल्या खंडात छापला. लेख शके ११२८ चा, इ.स. १२०७ चा आहे.

त्यात एका घराण्याची हकीकत आहे. शांडिल्य गोत्री त्रिविक्रम हा मोठा कवी. त्याचा मुलगा भास्करभट्ट. त्याला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली. मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर अशा पिढ्या येतात. महेश्वराचा मुलगा भास्कर. हेच ते भास्कराचार्य, शके १०३६ म्हणजे १११४ साली जन्मलेले. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर. तो सर्व शास्त्रांत निपुण आहे असे पाहून यादवराजा जैत्रपालाने त्याला या गावातून नेले आणि आपल्या पदरच्या पंडितांचा प्रमुख केले. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ काढला आणि निकुंभ राजा सोइदेवाने त्या मठाला देणग्या दिल्या. भास्कराचार्यांचे मूळ गाव नेमके कोणते यावर अभ्यासकांनी पुष्कळ वाद घातले आहेत. त्यांनी स्वतः आपले गाव सह्य पर्वताच्या आश्रयाला आहे एवढे सांगून त्याचे नाव विज्जडविड असे दिले. ते पाटणच असे मानणाऱ्यांचा मुख्य आधार हा दगडच आहे.

लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात, श्लोकबद्ध. स्तुती, वंशावळ, पदव्या. शेवटी मात्र भाषा एकदम बदलते आणि बाजारात उभा असलेला माणूस बोलावा तशी जुनी मराठी सुरू होते. मला हा लेख प्रिय आहे तो या शेवटच्या ओळींसाठी. त्यांत मठाच्या उत्पन्नाची तरतूद सांगितली आहे. या पाटणात जो माल विकायला येईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजवाड्याला मिळणारा जो वाटा होता, तो राजाने मठाला दिला. गावात जेवढे तेलाचे घाणे चालतात, त्या प्रत्येकामागे एक पळी तेल मठाला द्यायचे. येथे जे धान्य मापले जाईल ते मठाच्या मापाने मापायचे आणि मापणावळीतला अर्धा हिस्सा मठाचा, अर्धा मापाड्याचा.

जरा थांबून या तरतुदीचा विचार करावा. राजाला जमीन तोडून देऊन मोकळे होता आले असते, आणि जमीन दिलीही गेली. पण मठाचा रोजचा खर्च बाजाराला बांधून टाकला होता. तेली घाणा चालवतो, पळीभर तेल बाजूला ठेवतो; त्या तेलाच्या दिव्यापाशी बसून कुणी विद्यार्थी रात्री लीलावतीची उदाहरणे सोडवतो. धान्य मापताना मठाचे माप वापरायचे म्हणजे गणित शिकवणाऱ्यांच्याच मापाला बाजारात मान. संस्कृत श्लोक पंडितांसाठी होते. देणे ज्याच्याकडून यायचे त्या तेल्याला, वाण्याला, मापाड्याला कळावे म्हणून त्या ओळी त्यांच्या भाषेत कोरल्या. मराठीच्या अगदी जुन्या कोरीव लेखांमध्ये या ओळी मोडतात, आणि त्यांचा विषय आहे गणिताच्या शाळेची वर्गणी. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशा गोष्टी अनेक आहेत; मी ही त्यांत फार वरती ठेवीन.

मठात काय शिकवले जात असेल याचा अंदाज ग्रंथांवरून करता येतो. लीलावतीत एक उदाहरण आहे: बत्तीस हात उंचीचा बांबू सपाट जमिनीवर उभा आहे. वाऱ्याने तो एका जागी मोडला आणि त्याचे टोक बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकले. बांबू मुळापासून किती हातांवर मोडला? उत्तर बारा हात. बारा हात उभा राहिला, वीस हात तिरका पडला. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, सोळाचा दोनशे छप्पन्न, मिळून चारशे, म्हणजे विसाचा वर्ग. पाटणच्या डोंगरउतारावर बांबूची बेटे पाहणाऱ्या पोराला हे उदाहरण समजावून सांगायला चित्र काढण्याचीही गरज नाही. याच शाळेत पुढच्या विद्यार्थ्याला चक्रवाल पद्धत शिकावी लागत असणार. एकसष्ट पट वर्गात एक मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग येईल अशी संख्या कोणती, हा प्रश्न भास्कराचार्यांनी बीजगणितात सोडवून दाखवला आहे. त्याचे सर्वांत लहान उत्तर २२६१५३९८०, आणि मोठ्या वर्गाचे मूळ १७६६३१९०४९. फ्रान्सच्या फर्माने हाच प्रश्न युरोपातल्या गणितींना आव्हान म्हणून घातला तो १६५७ साली.

मठ किती वर्षे चालला? यादवांचे राज्य चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात संपले, खानदेश दिल्लीच्या सुभ्यात आणि नंतर फारुकी सुलतानांच्या ताब्यात गेला. राजवाडा उरला नाही तेव्हा राजवाड्याचा वाटाही उरला नाही. बाजार उठला, घाणे थांबले, शहर ओस पडले आणि डोंगरातले रान हळूहळू खाली उतरले. भास्कराचार्यांचे ग्रंथ देशभर पसरले होते म्हणून वाचले. लीलावतीचे फारसी भाषांतर अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली केले, इंग्रजी भाषांतर कोलब्रुकने १८१७ साली छापले. पण ग्रंथ जिथे शिकवले गेले त्या शाळेची आठवण कुणाजवळ राहिली नव्हती. राहिला तो देवळातला दगड. आणि देऊळ राहिले ते लोकांनी आईकडे येणे सोडले नाही म्हणून. राजधानी मोडल्यावरही आसपासच्या गावांतली कुटुंबे नवस बोलायला, फेडायला, ओटी भरायला या रानात येत राहिली. त्यांच्यापैकी बहुतेकांना लेखातले एक अक्षरही वाचता येत नसेल. तरी ज्या घरात देव आहे त्या घराचा दगड उपटून विहिरीला किंवा गोठ्याला लावायचा नाही, एवढी मर्यादा त्यांनी पाळली, म्हणून सहाशे अठ्ठावन्न वर्षांनी भाऊ दाजींना तो वाचायला मिळाला.

येथे जपान आठवते. शिंतो म्हणजे जपानचा मूळचा देवधर्म. त्यात डोंगर, झाड, धबधबा, खडक यांत देवत्व मानतात आणि त्याला कामी म्हणतात. नारा भागात मिवा नावाचा डोंगर आहे. तिथल्या ओमिवा या अतिप्राचीन देवस्थानाला गाभाराच नाही. डोंगर हाच देव, त्याच्याकडे तोंड करून हात जोडायचे. देवस्थानाभोवतीचे रान तोडायचे नाही हा तिथला जुना रिवाज. आपल्या देवराईची ज्याला ओळख आहे त्याला हे समजायला वेळ लागत नाही. इसे येथील सूर्यदेवतेचे देवस्थान तर लाकडाचे आहे आणि दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जसेच्या तसे नवे बांधतात. पहिल्यांदा असे ६९० साली बांधले, बासष्टाव्यांदा २०१३ साली. जुने लाकूड टिकवण्यापेक्षा सुतारांची विद्या टिकवण्याकडे तिथे लक्ष आहे. वीस वर्षांचा काळ एवढा, की एका खेपेला हाताखाली काम केलेला मुलगा पुढच्या खेपेला मिस्त्री होऊन उभा असतो.

पण पाटणशी अगदी नाते सांगावे असा रिवाज वेगळाच. सतराव्या शतकापासून जपानी लोक शिंतो देवस्थानांत आणि बौद्ध मंदिरांत भूमितीची उदाहरणे लाकडी फळ्यांवर रंगवून टांगू लागले. या फळ्यांना सांगाकू म्हणतात. आज टिकून असलेल्या फळ्यांत सर्वांत जुनी तोचिगी भागातली १६८३ सालची आहे, आणि एकूण सुमारे नऊशे शिल्लक आहेत. फळीवर लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांत एकमेकांना चिकटलेली वर्तुळे, त्रिकोण, लंबगोल. खाली प्रश्न, उत्तर आणि सोडवणाऱ्याचे नाव. रीत बहुधा दिलेली नसते, पाहणाऱ्याने ती शोधायची. गुन्मा भागातल्या १८२४ च्या एका फळीवर असे आहे: दोन वर्तुळे एकमेकांना चिकटून एकाच रेषेवर बसली आहेत, आणि त्यांच्या खालच्या खाचेत तिसरे छोटे वर्तुळ दोघांना आणि रेषेला टेकून बसले आहे. छोट्याची त्रिज्या किती? दोन्ही मोठी वर्तुळे सारखी असतील तर छोट्याची त्रिज्या बरोबर चौथा हिस्सा येते. वाचकाने कंपास घेऊन काढून पाहावे. या फळ्या लावणाऱ्यांत सामुराई होते, व्यापारी होते, शेतकरीही होते. गणित सुटले त्याचा आनंद देवापुढे ठेवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कोडे घालायचे, अशी ही दुहेरी रीत. १७८९ साली अशा उदाहरणांचा पहिला संग्रह छापला गेला. ज्या फळ्या उरल्या त्या देवाच्या आवारात होत्या म्हणूनच उरल्या.

पाटणचा लेख राजाज्ञा आहे आणि सांगाकू ही सामान्य माणसाने वाहिलेली वस्तू, हा फरक लहान नाही. पाटणला विद्येचा भार समाजाने उचलला होता, पण उदाहरणे सोडवणाऱ्यांची नावे कुणी कोरली नाहीत. जपानी फळीवर शेतकऱ्याच्या पोराचे नाव आजही वाचता येते. आपल्याकडे त्या मठात शिकलेल्या एकाही विद्यार्थ्याचे नाव लेखात नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

आज हा सारा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात आहे. १९८६ साली जाहीर झालेल्या या अभयारण्यात अंजन, सालई, धावडा, पळस यांचे पानगळीचे रान आहे आणि बिबट्याचा वावर आहे. नवरात्रात पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना नारळ, खण, बांगड्या, हळदकुंकवाची दुकाने लागतात आणि चाळीसगावच्या बसगाड्या भरभरून येतात. जळगाव, धुळे जिल्ह्यांतल्या शाळांच्या सहलीही येतात. मुले धबधबा पाहतात, डबा खातात, दर्शन घेतात. अशा सहलीत गणिताच्या मास्तरांनी देवळाच्या जोत्यावर मुलांना बसवून बांबूचे उदाहरण घालावे आणि त्या जुन्या मराठी ओळींचा अर्थ सांगावा. खर्च काही नाही, आणि याहून योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नाही.

ज्यांना आणखी पुढे जायचे असेल त्यांनी चाळीसगाव तालुक्यातच गिरणेच्या काठी बहाळला जावे. तिथला लेख शके ११४४ चा, म्हणजे १२२२ चा आहे. भास्कराचार्यांच्या भावाच्या वंशातला अनंतदेव हाही सिंघणाचा ज्योतिषी होता. त्याने बहाळला देऊळ बांधले, आणि लेखाची रचना त्याच्या भावाने, महेश्वराने केली. ग्रहांची गती मोजणाऱ्या या माणसाने देऊळ बांधले ते भवानीचे.